जाताना समुद्र डावीकडे

सोमवार, ३ मार्च

आईने ज्यांना विचारलंच नाही अशा समस्त मुलींनो!

सभेला तू एकटीच हजर आहेस, मुंगे, हे मला दिसतंय. तरी सभा भरवते आहे, कारण अन्याय दोघींवर झालाय. निदान हे पत्र लिहायला बसले तेव्हा मला तसं वाटत होतं. आता शंका येतेय की अन्याय एकटीवरच झालाय, आणि तो करणारी पहिल्या रांगेत निमूट बसून टाळ्या वाजवते आहे.

काल आईला फोन केला. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती अगदी सहज, भाजी आणायला निघाल्यासारखी म्हणाली, "एप्रिलच्या पहिल्या शनिवारी समुद्राच्या रस्त्याने जाऊन येणार आहे. एक रात्र मुक्काम. दीपगृहाच्या पायथ्याशी गेस्ट हाउस आहे ना, तिथे." मी म्हटलं, "कुणाबरोबर?" तर म्हणे, "गाडी मुंगीकडून घेईन." मी म्हटलं, "अगं, पण कुणाबरोबर?" तर म्हणे, "दूध उतू चाललंय," आणि फोन बंद. जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई ही. घड्याळ लावून दूध तापवते. तिचं दूध आजवर उतू गेलेलं नाही.

बाबांची गाडी दोन वर्षं तुझ्या फ्रेमच्या दुकानामागच्या अंगणात उभी आहे. किल्ली तुझ्याकडे. आई तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. आता सांग, या सगळ्याचा अर्थ मी काय लावायचा? इकडे मी दुसऱ्या शहरात इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी घसा कोरडा करते आणि तिकडे माझी सख्खी बहीण माझ्या आईला घेऊन मुक्कामाची सहल ठरवते! मुक्काम! बाबा असताना आपण एकदा तरी मुक्काम केलाय का? अंधार पडायच्या आत घरी. आणि आता पहिलाच मुक्काम, तोही माझ्याशिवाय?

झालं ते झालं. योजना मी दुरुस्त करते. जाताना गाडी तू चालव, पुढे तुझ्या शेजारी मी बसेन. येताना बदलू. आईला मागे उशा दे. तिचा प्रश्नच नाही. गल्ली ओलांडली की तिचे डोळे मिटतात. बाबा म्हणायचेच, "समुद्र दिसला की आईला झोप येते."

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू "ताई, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतेस. पत्र असं ठेवून देता येत नाही.

— ताई


शुक्रवार, ७ मार्च

सभेच्या अध्यक्षांना नमस्कार.

ताई, टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नाहीत. एका लग्नाचे फोटो मढवायला आलेत, आणि नवऱ्याकडच्यांना सोनेरी कड हवी, नवरीकडच्यांना काळी. मधे मी.

मी काहीही ठरवलेलं नाही! मला वाटलं, तू ठरवलंयस. आई गेल्या आठवड्यात दुकानात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाली, "एप्रिलच्या पहिल्या शनिवारी लागेल. हवा भरून ठेव." मी विचारलं, "ताई येतेय वाटतं?" ती नुसतं हसली. आईचं ते हसणं तुला माहीत आहे. ते तुझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. माझ्या वाट्याला "हवा भरून ठेव". रात्री नवऱ्याला म्हटलं, बघ, दोन गल्ल्यांवर राहून औषधं आणायची मी, नळ गळला की धावायचं मी, आणि समुद्र दाखवायचा ताईने.

आता तुझ्या दुरुस्त योजनेबद्दल. काय गं, तुला लाज कशी वाटत नाही? "जाताना पुढे मी, येताना तू." हे मी लहानपणापासून ऐकतेय! जाताना समुद्र डावीकडे असतो. पुढची डावी सीट म्हणजे सगळा समुद्र एकटीचा. येताना समुद्र जातो उजवीकडे, ड्रायव्हरच्या अंगाला, आणि डावीकडे उरतो तो डोंगराचा कापलेला कडा. तुझ्या वाट्याला लाटा, होड्या, पूल, खाडी. माझ्या वाट्याला दगड आणि बाबांचा कान. बाबांच्या डाव्या कानामागे तीळ होता, ठाऊक आहे तुला? नसणारच. तू काचेला नाक लावून बसलेली असायचीस. आणि मी रडले की म्हणायचीस, "मुंगीला समुद्र कशाला? बुडेल."

या वेळी जाताना पुढे मी बसणार. चालव तूच. आई मागे राहील, मान्य. ती झोपतेच.

पण ताई, तू नाहीस आणि मीही नाही, तर आई जातेय कुणाबरोबर?

— मुंगी


मंगळवार, ११ मार्च

मुंगे,

तुझं पत्र युनियनच्या कचेरीत उघडलं आणि शेवटची ओळ वाचून हातातला चहा अर्जांच्या गठ्ठ्यावर सांडला. कुणाबरोबर?

बाबांच्या कानामागचा तीळ मला ठाऊक नव्हता. तेवढ्यापुरता तुझा हेवा वाटला. पण सीटचा प्रश्न इतक्यात मिटवू नकोस. पुलाअलीकडे जो चहाचा थांबा आहे, तिथे जागा बदलू. अर्धा समुद्र तुझा, अर्धा माझा. पहिला अर्धा माझा, कारण योजना माझी.

पण त्याआधी माणूस शोध. आईच्या मैत्रिणी मोजून सांगता येतील अशा आहेत: एकीचे गुडघे गेलेत, दुसरीला घराबाहेरचं पाणी चालत नाही, तिसरी मुलाकडे गेली ती परत आली नाही. म्हणजे कुणीतरी नवीन आहे. आपल्याला न सांगता आईने नवीन माणूस जोडलंय! हे मला खपत नाही आणि तुलाही खपता कामा नये. तू तिथे आहेस. डोळे उघडे ठेव.

— ताई


रविवार, १६ मार्च

ताई,

सापडली.

गुरुवारी पोस्टासमोर उभी होते, काचेच्या पेटीची वाट बघत. समोर एक छोटी गाडी येऊन थांबली, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. एका दाराने ब्रेकवाल्या बाई उतरल्या. तू त्यांना ओळखत नाहीस. तू गेल्यानंतर त्यांनी इथे शिकवणी सुरू केली. शिकवायच्या गाडीत डावीकडे त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, म्हणून गाव त्यांना याच नावाने ओळखतं. केस पोरासारखे कापलेले, आवाज बाजाच्या पेटीतून आल्यासारखा. आणि दुसऱ्या दाराने कोण उतरावं? आपली आई! तीही उजव्या बाजूने, भर रस्त्यावर! आपल्याला कायम दटावायची, "रस्त्याच्या बाजूने उतरायचं नाही." असल्या बाईच्या नादाने तिची एवढीही शिस्त राहिली नाही बघ.

आणि हसत होती. ते राखून ठेवलेलं हसू नव्हे. तोंड उघडून, दात दाखवून, कमरेवर हात ठेवून. ब्रेकवाल्या बाईंनी तिच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाल्या, "आज तुम्ही माझा जीव घेणार होतात!" आणि दोघी पुन्हा हसल्या. ताई, मी पलीकडच्या फुटपाथवर होते. हात केला. तिने पाहिलाच नाही.

घरी येऊन मी जेवले नाही. एवढं कसलं हसू येतं तिला त्या बाईबरोबर? माझ्याबरोबर असते तेव्हा रक्तदाबाबद्दल बोलते.

संध्याकाळी गेले, थेट विचारलं. म्हणाली, "हो, त्याच येताहेत. गाडी त्या चालवतील." बाबांची गाडी! बाबांनी दर रविवारी पुसलेली गाडी चालवणार ती बाई, आणि शेजारी आई? मग मी जे केलं ते ऐक, आणि रागावू नकोस. मी म्हटलं, "गाडी नाही मिळणार. क्लच गेलाय." आई माझ्याकडे बघत राहिली, पेशंट थर्मामीटर चहात बुडवतोय हे दिसल्यावर बघावं तशी. मग म्हणाली, "बरं."

क्लच ठणठणीत आहे. किल्ली काच कापायच्या हिऱ्याच्या डबीत टाकलीय आणि डबी खणात.

— मुंगी


बुधवार, १९ मार्च

प्रिय आई,

मुंगीकडून सगळं कळलं. तू वयाने मोठी आहेस, स्वतंत्र आहेस, तुला हवं तिथे हवं त्याच्याबरोबर जायचा तुला हक्क आहे. हक्कांवर मी महिन्यातून चार भाषणं करते, मला शिकवावं लागत नाही. पण आई, हक्काला नात्याची काही चाड नको का? ज्या रस्त्यावर आपण चौघं गेलो, त्या रस्त्यावर तुला पहिल्यांदा मुक्काम करावासा वाटला, आणि बरोबर न्यायला सुचली ती काल ओळख झालेली एक शिकवणीवाली? पोटच्या दोन मुली हात-पाय धड असताना? आम्हाला काय गाडी चालवता येत नाही? की आमच्याबरोबर हसता येत नाही?

मुंगी दिवसभर काच कापते आणि मनात कुढते. मी इथे भाषण अर्ध्यावर विसरले. कालच्या सभेत "मालकांनो" म्हणायच्या जागी "आई" म्हणाले. लोक हसले. माझ्यावर सहसा हसत नाहीत.

तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलंय. शुक्रवारी मी येते. शनिवारी सकाळी तिघी निघू. सोबत बैठकीचा आराखडा जोडला आहे. पुलापर्यंत पुढे मी, पुलापासून मुंगी. येताना उलट. तुझी अजिबात आबाळ होणार नाही: मागे मधे तू, मानेखाली एक उशी, पाठीला एक. दोन्ही खिडक्यांपाशी बॅगा लावू म्हणजे तू कलंडणार नाहीस. मजेत झोप. समुद्र आला की उठवू.

त्या बाईंना नम्रपणे नाही कळव. नाही तर मी कळवते.

तुझी थोरली


रविवार, २३ मार्च

थोरली आणि धाकटी, दोघींना,

एकच पत्र दोनदा लिहिलंय, एकेकीला एकेक. मजकूर सारखाच आहे. पडताळून पाहा. पाहालच.

ताईचा आराखडा मिळाला. छान काढलाय. थर्मास कुठे, छत्र्या कुठे, सगळं आहे. मी बराच वेळ त्यात स्वतःला शोधत होते. मग सापडले. मागे, मधे. दोन्ही खिडक्यांना बॅगा.

आता जरा आठवा. तुम्ही इतकी वर्षं भांडताय की जाताना पुढे कोण आणि येताना कोण. मी कुठे बसायचे, हे तुमच्यापैकी एकीला तरी आठवतंय? मी सांगते. मागे एका खिडकीशी तुमच्यातली एक, रुसलेली. दुसऱ्या खिडकीशी जेवणाची टोपली. आणि टोपली सांडू नये, रुसलेलीने दार उघडू नये म्हणून मधे मी, पायांखाली गाडीचा तो उंचवटा. टोपलीला खिडकी होती. मला नव्हती.

मी झोपायचे नाही, बायांनो. शनिवारची रात्रपाळी करून यायचे. मधे बसून वळणं लागली की पोटात ढवळून यायचं. डोळे मिटले की जरा बरं वाटायचं. तुम्ही ठरवलंत, आईला झोप लागली. बाबांनी त्याची गंमत केली. मीही खोडून काढलं नाही, कारण डोळे उघडून बोलायला गेले असते तर टोपलीतच उलटी झाली असती. ताई सभेत सांगते ना, रात्रपाळी केलेल्या बाईला आधी बसायला नीट जागा द्या? मी तुझं ते भाषण ऐकलंय. टाळ्याही वाजवल्या.

कानावर सगळं यायचं. "आई गं, केवढी लाट!" "बाबा, होडी, होडी!" ते ऐकून मला काय वाटायचं, ठाऊक आहे? हेवा. तुम्हा दोघींचा, पोटच्या पोरींचा. इतका की घरी आल्यावर तुमचे वाळूचे फ्रॉक धुताना मी ते जरा जास्तच आपटायचे. हे आजवर वॉर्डातल्या बायकांनासुद्धा बोलले नाही. तुमचं काय दुखतंय ते मला कळतं. हे दुखणं माझ्याकडे तुमच्याआधीपासून आहे.

तर मी त्या सीटवर बसणार आहे. पुढे, डावीकडे, जाताना. त्याच गाडीत, कारण हेवा त्याच सीटचा होता. संध्याकाळचा समुद्र बघेन, झोपून उठून सकाळचा बघेन. आणि येताना समुद्र उजवीकडे येतो. तिकडे स्टिअरिंग असतं. म्हणून गाडी शिकले. मुंगे, पोस्टासमोर मी उजवीकडून उतरले ती चालवत होते म्हणून. त्या दिवशी गाडी दुधाच्या टेम्पोवर घालणार होते, आणि बाईंनी ब्रेक मारला, त्याचं आम्ही हसत होतो. परवा परीक्षा पास झाले. कागद हातात आहे.

वळणांवर समुद्राकडे बघणार नाही, घाबरू नका. तो माझ्या बाजूला आहे, एवढं पुरे.

तुम्हाला का विचारलं नाही? एकीला नेलं तर दुसरी जन्मभर ऐकवेल. दोघींना नेलं तर मी मागे, मधे. ब्रेकवाल्या बाईंना कुठे बसायचं यावर भांडायचं नसतं.

मुंगे, क्लच गेलेली गाडी कुणी सकाळी अंगण झाडायला पुढे-मागे करत नाही. मी दूध आणायला तिथूनच जाते. शिकवणीची गाडी गावाबाहेर न्यायची परवानगी नाही. तू किल्ली दिलीस तरच जाणं आहे. मी पुन्हा मागणार नाही.

— आई


बुधवार, २६ मार्च

ताई,

वाचलं. दुकानाचं दार लावून रडले आणि मग एक चांगली मोठी काच वाकडी कापली.

पण किल्ली देणार नाही. तू मला समजवायला येशील म्हणून आधीच सांगते. नवशिकी बाई, सत्तरीला टेकलेली, त्या कड्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवणार! बाबांच्या गाडीत डावीकडे ब्रेक नाही. काही झालं तर? तर लोक विचारतील, किल्ली कुणी दिली?

हे झालं लोकांना सांगायचं. तुला खरं सांगते. गाडी शिकायची होती तर मला का नाही म्हणाली? मी दोन गल्ल्यांवर होते. मी रोज संध्याकाळी शिकवलं असतं. तिने माझाही जीव जायची वेळ आणली असती, मग मीही हसले असते. ते हसू त्या बाईंना फुकट मिळालं आणि मला मिळाला रक्तदाब. माझं डोकं त्या हसण्यापाशीच अडकलंय. समुद्राबिमुद्राचं मला काही वाटत नाही.

काल आई दुकानावरून गेली. आत डोकावली नाही. गाडीकडेही पाहिलं नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सरळ गेली.

काय करू?

— मुंगी


रविवार, ३० मार्च

मुंगे,

विचारलंस, ते बरं केलंस.

शुक्रवारी आम्ही चारजण युनियनच्या जीपने एका इस्पितळाच्या दौऱ्यावर गेलो. मला नेहमी पुढे बसवतात. अध्यक्षीणबाई ना मी. मी म्हटलं, आज मागे बसते, मधे. एका बाजूला आमचे खजिनदार, केवढे रुंद आहेत ते तू पाहिलंयस. दुसऱ्या बाजूला वॉर्डातली एक पोरगी, खिडकीत कोपर टेकून. पायाखाली तो उंचवटा. गुडघे छातीशी. समोर काय दिसलं सांगू? ड्रायव्हरचं डोकं, पुढच्या माणसाचं डोकं, आणि दोघांच्या मधून आरशाला लटकवलेली एक रबरी बाहुली. घाट लागला. खजिनदार म्हणाले, "वा, काय दरी आहे!" मी दरी बघायला मान वळवली आणि पोटात असं ढवळलं की डोळे गच्च मिटून घेतले. अर्ध्या तासाने पोरगी हळूच म्हणाली, "गप्प बसा, मॅडम झोपल्यात."

मुंगे, मला ओरडून सांगायचं होतं की मी झोपलेली नाही. तोंड उघडता आलं नाही.

मी तुला खोटं सांगणार नाही की माझी आग विझलीय. त्या ब्रेकवाल्या बाईंचं नाव काढलं तरी तळपायापासून मस्तकापर्यंत जाते. शनिवारी संध्याकाळी त्या दोघी दीपगृहाच्या पायरीवर बसतील, आई काहीतरी बोलेल, दात दाखवून हसेल, आणि ते काय होतं हे आपल्याला कधीच कळणार नाही. जळू दे आपल्याला. आई आपल्यावर जळली, आणि तरीही आपले फ्रॉक धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवत राहिली. आपल्याला तर एवढंही करायचं नाहीये.

कड्याची भीती म्हणतेस. आई आयुष्यभर हलत्या हाताच्या डॉक्टरांशेजारी न डगमगता उभी राहिली. आणि परीक्षा पास झालीय. मी तीनदा नापास झाले होते. तू तेव्हा सगळ्या गल्लीला सांगितलंस. लोकांनी विचारलं किल्ली कुणी दिली, तर सांग, दोघींनी. माझं नाव आधी घे. या एका रांगेत मला पुढे उभी राहू दे.

मी शुक्रवारी येत नाही. आले तर बॅग घेऊन गाडीत बसेन, मी स्वतःला ओळखते. तूही सकाळी निरोप द्यायला जाऊ नकोस. गेलीस तर शेवटच्या क्षणी म्हणशील, "पुलापर्यंत येते."

तेव्हा ऐक. ही सभा तुझी एकटीची आहे आणि ठराव एकच आहे. शुक्रवारी दुकान बंद केलंस की खण उघड, हिऱ्याच्या डबीतली किल्ली काढ आणि दोन गल्ल्या चालत जा. दारातल्या खिळ्याला अडकवू नकोस, टेबलावर ठेवू नकोस, शेजारणीकडे देऊ नकोस. तिच्या हातात दे.

— ताई